जळगावच्या घराला स्मार्ट लॉक लावावं का? घरात आई-बाबा दोघंच असतात

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी.

घर जळगावला, मेहरूणच्या अंगाला. आई-बाबा दोघंच राहतात, मी पुण्यात नोकरीला. बाबा ७१, आई ६६. दिवाळीनंतर महिनाभर आणि आखाजी (अक्षय तृतीया) झाली की पाऊस पडेपर्यंत दोघं माझ्याकडे येतात. तेवढे दिवस घर बंद.

मागच्या आठवड्यात आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून, घरफोडी झाली. घरचे सगळे हळदीसाठी धुळ्याला गेले होते, एका रात्रीपुरते. मी शनिवारी गेलो तेव्हा ते दार जवळून पाहिलं. कुलूप बंदच होतं. बंद कुलूप कोयंड्यासकट पायरीवर पडलेलं. कोयंड्याचे चारही स्क्रू उपटून आलेले आणि त्यांच्या आट्यांत दाराच्या लाकडाचा भुसा अडकलेला. कुलूप चांगल्या कंपनीचं, सात लिव्हरचं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून आईला धड झोप नाही. रात्री दोनदा उठून कडी चाचपते. मी स्मार्ट लॉक, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी उघडणारं कुलूप, घ्यायचं म्हणतोय. बाबांचं म्हणणं, बॅटरी संपली तर आपल्याच घराबाहेर बसायची पाळी येईल. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा: बोटाचा ठसा चालतो का, आपल्याकडच्या उन्हात टिकतं का, लाइट गेली की काय होतं?

धुळ्याचा_सुतार

भाऊ, तुम्ही जे पायरीवर पाहिलं ते मी सव्वीस वर्षं पाहतोय. चोर कुलपाशी झटत बसत नाही. कटावणी कोयंड्यामागे घालतो, अंगाचा भार टाकतो, दोन मिनिटांत मोकळा. त्यात लटकतं कुलूप गल्लीतून जाणाऱ्या कोणालाही सांगतं की घरात माणूस नाही.

स्मार्ट लॉकचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच की ते दाराच्या आत बसतं. मालक आत झोपलाय की सुरतेला गेलाय, बाहेरून कळत नाही. पण हा फायदा साध्या चावीच्या मॉर्टिस लॉकनेही मिळतो, आणि तो दोन-तीन हजारांत मिळतो.

आता दाराकडे या. मॉर्टिस म्हणजे दाराच्या जाडीत खोबण पाडून पेटी आत बसवायची. बिल्डरच्या घरात बहुतेक ३० ते ३२ मिलिमीटरचा फ्लश डोअर, म्हणजे सपाट प्लायचा पल्ला, असतो. पेटीची खोबण पाडली की दोन्ही अंगांना पाच-सहा मिलिमीटर लाकूड उरतं. म्हणजे जिथे जोर बसणार नेमका तिथेच पल्ला कमकुवत झाला. बऱ्याच स्मार्ट लॉकना निदान ३५ मिलिमीटर जाडी लागते, कागदावर लिहिलेलं असतं, पण गिऱ्हाईक वाचत नाही आणि विकणारा सांगत नाही. आधी पट्टी लावून जाडी मोजा.

दुसरं, चौकट. कुलपाची दांडी ज्या लोखंडी पट्टीत जाते तिला कुलपासोबत आलेले अर्ध्या इंचाचे स्क्रू मारून मोकळे होतात. मी तिथे तीन इंची मारतो, चौकटीच्या पोटात गेले पाहिजेत. लाथ बसली की आधी ही पट्टी उखडते. चौकटीला वाळवी लागलेली असेल तर कुठलंच कुलूप घेऊ नका, आधी चौकट बदला. मन्हा आजा म्हने, कुलूप नको देखू, दार देख.

आणि पावसाळा. श्रावणात दार फुगतं, आपण ढोपराने ढकलून लावतो. स्मार्ट लॉकच्या आतल्या मोटारीला ढोपर नाही. दांडी पट्टीत नीट गेली नाही की मोटार कण्हत राहते, सेल उतरतात आणि लोक कुलपाला नावं ठेवतात. बसवण्याआधी दाराला रंधा मारून सगळीकडून सारखी फट ठेवून घ्या.

अमळनेरचे_गुरुजी

सुतारदादांशी सहमत. मी बोटांबद्दल लिहितो, कारण ते आमच्या घरात रोज घडतं.

माझ्या सौभाग्यवतींचं सगळं आयुष्य शेतात आणि चुलीपुढे गेलं. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटांत जातात, वर्षानुवर्षं राखेने भांडी घासलेली. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर रेषा शोधाव्या लागतात. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा चौथ्या-पाचव्या वेळी लागतो, मागे रांग खोळंबते आणि त्यांना अगदी अपराध्यासारखं होतं. मुलाने घराला ठशाचं कुलूप बसवलं तेव्हा पहिल्याच दिवशी मशीनने तीनदा नाही म्हटलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता माझंच घर मला ओळखत नाही का?" ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

उपाय निघाला. उजव्या अंगठ्याऐवजी डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका नोंदवली, ती बोटं कमी झिजलेली असतात. एकच बोट तीन वेगवेगळ्या कोनांतून तीनदा नोंदवलं. शिवाय कार्ड दिलं, ते त्या आपल्या पर्समध्ये ठेवतात. आता अडत नाही. पण म्हाताऱ्या माणसांच्या घरात फक्त ठशावर अवलंबून राहू नका, कार्ड आणि आकडे दोन्ही सोय हवीच.

सातपुडा

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, मूळ शिरपूर. गुरुजींच्या अनुभवाला जोड देतो.

साध्या कुलपांत बहुधा कपॅसिटिव्ह सेन्सर असतो. बोटाच्या उंचवट्यांमधला आणि खाचांमधला विद्युत फरक तो मोजतो. त्यामुळे बोट फार कोरडं, चिकाने माखलेलं किंवा ओलं असलं की तो गोंधळतो. केळीच्या बागेतून आलेल्या माणसाने आधी हात धुऊन पुसले तर अर्धी तक्रार संपते. ठशाचा फोटो साठवला जात नाही, त्याच्या खुणांचा साचा साठवला जातो. तो कुलपाच्या आतच राहतो की कंपनीच्या सर्व्हरवर जातो, हे मात्र विकत घेताना विचारा. फुटलेला पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

आकड्यांचं गणित सरळ आहे. चार आकडी पिनचे दहा हजार पर्याय, सहा आकडीचे दहा लाख. पण घरचा पिन जन्मसाल ठेवला की पर्याय शंभरावर येतात. आणि आपल्याकडची धूळ! उन्हाळ्यात पंधरा दिवसांत कीपॅडवर धुळीचा थर बसतो आणि रोज दाबले जाणारे चार आकडे तेवढे लख्ख दिसतात. कुलूप घेताना बघा की खऱ्या पिनच्या मागेपुढे खोटे आकडे दाबायची सोय आहे का. म्हणजे शेजारी उभा असलेल्यालाही नेमका पिन कळत नाही.

कार्डाबद्दल: १२५ किलोहर्ट्झची जुनी कार्डं सहज नक्कल होतात. १३.५६ मेगाहर्ट्झमधलं मायफेअर क्लासिक कार्ड जगभर वापरात होतं, त्याचीही सांकेतिक पद्धत २००८ मध्ये संशोधकांनी फोडली. कार्ड ही सोय आहे, तिजोरी नव्हे.

ब्ल्यूटूथबद्दल थोडं भीतीचं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत दोन संशोधकांनी १६ ब्ल्यूटूथ कुलपं तपासली, त्यांतली १२ उघडली. काही कुलपं तर पासवर्ड उघड्यावर पाठवत होती. २०१७ मध्ये तिकडच्याच एका कंपनीने चुकीचं अपडेट पाठवलं आणि सुमारे ५०० कुलपं एका झटक्यात बंद पडली. २०१८ मध्ये चीनमधल्या दारांच्या प्रदर्शनात टेस्ला कॉइल (जोरदार विद्युत लहरी सोडणारं यंत्र) नुसती जवळ धरून काही कुलपं उघडून दाखवली गेली. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी सुधारणा केल्या. तरी नाव-गाव नसलेलं, ऑनलाइन सेलमधलं चार हजारांचं कुलूप मी माझ्या आईच्या दाराला लावणार नाही.

पण खरं सांगू? आपल्याकडचा घरफोड्या लॅपटॉप घेऊन येत नाही. तो कटावणी घेऊन येतो. म्हणून सुतारदादांचा प्रतिसाद माझ्या प्रतिसादाच्या आधी वाचा.

तापीमाय

मी चोपड्याची. माझा अनुभव ऐका आणि ऑटोलॉकचा विचार नक्की करा.

मागच्या चैत्रात गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. अकराच्या सुमाराला वारं सुटलं, साडी उडाली म्हणून मी तशीच वर धावले. गॅसवर दूध होतं. खाली आले तर दार लागलेलं. आमचं कुलूप दार ओढलं गेलं की आपोआप बंद होतं. मोबाइल आत, चष्मा आत, हाताला कुरडईचा चीक. बोट लावलं, लागेना. पदराला पुसून परत लावलं, परत नाही. पाच वेळा चुकल्यावर ते तीन मिनिटांसाठी बंदच झालं. आकडे माहीत होते पण चष्म्याशिवाय काळ्या काचेवरचे उन्हातले आकडे दिसत नव्हते. आतून दूध उतू गेल्याचा वास येत होता. उकळलेल्या दुधाने ज्योत विझली आणि गॅस तसाच चालू राहिला तर काय, हेच डोक्यात.

समोरच्या वहिनींच्या मुलाने आकडे दाबून दार उघडलं. ज्योत विझलेलीच होती. खिडक्या उघडल्या आणि मी पायरीवर बसून रडले.

त्या दिवशी ऑटोलॉक बंद केलं ते कायमचं. आता रात्री झोपताना आणि बाहेर जाताना हाताने लावतो. दिवसा दार नुसतं लोटलेलं, जसं आधी असायचं.

भुसावळ_जंक्शन

आमच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत, मुलं भाड्याने राहतात. माझ्यासाठी स्मार्ट लॉक म्हणजे सुटका. आधी दर जूनला कुलपं बदलायचो, कारण सोडून गेलेल्या मुलाने डुप्लिकेट चावी केली नसेल याची खात्री कोण देणार? आता पिन काढून टाकतो, नवा देतो. प्लंबर आला तर तासाभराचा पिन.

बॅटरीचं मात्र एकदा भोगलंय. मे महिन्यात वीस दिवस बाहेर होतो, आमचं खालचं घर बंद. रात्री दीडची गाडी, बायको-पोरगी पेंगुळलेली. पॅनेलवर हात ठेवला, उजेडच नाही. कमी बॅटरीची सूचना कुलूप महिनाभर देत होतं, प्रत्येक वेळी लाल दिवा आणि टूं आवाज, आणि मी "उद्या बदलू" म्हणत गेलो.

त्या कुलपाच्या खालच्या कडेला दोन बारीक टिकल्या आहेत. ९ व्होल्टचा चौकोनी सेल त्यांना टेकवला की कुलूप तेवढ्यापुरतं जागं होतं, मग पिन दाबायचा. हे मला माहीत होतं, पण सेल होता घराच्या आत, टीव्हीखालच्या खणात. शेवटी स्टेशनाजवळच्या एका दुकानदाराला उठवलं. आता तो सेल गाडीच्या डिकीत असतो आणि आणीबाणीची चावी माझ्या भावाकडे. नवीन कुलपांना टाइप-सी असतं, पॉवर बँक लावली की चालतं.

गिरणाकाठ, लाइट जाण्याचा कुलपाशी संबंध नाही, ते सेलवर चालतं. बाबांना हे आधी सांगा. पण घर बंद करून जाताना आपण मेन स्विच पाडतो. मग राउटर बंद, आणि पुण्यातून मोबाइलवर दार उघडायची सोयही बंद. त्या सोयीसाठी जास्त पैसे मोजत असाल तर हा हिशोब आधी करा. शिवाय वायफायवालं कुलूप सेल लवकर खातं.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवतोय. तापीमायताईंचा ऐकून ती गप्प झाली. म्हणाली, मी तर रोज गच्चीवर जाते.

आमचं पुढचं दार पश्चिमेला आहे. मे महिन्यात दुपारी तीनला दाराची कडी हाताला चटका देते. त्याचं काय?

सातपुडा

बऱ्याच कुलपांच्या माहितीपत्रकात ५५ किंवा ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. जळगावला सावलीतलं तापमान ४५ झालं की उन्हात तापलेल्या काळ्या धातूचं त्याहून कितीतरी जास्त होतं. स्पर्शाचं कीपॅड आधी रुसतं. सेल दाराच्या आतल्या बाजूला असतात म्हणून ते जरा वाचतात, पण तापलेले अल्कलाइन सेल पाझरतात, म्हणून मार्च संपता संपता नवे घाला आणि जुने-नवे एकत्र मिसळू नका. रिचार्जेबल लिथियमचं कुलूप पश्चिमेच्या दाराला नको. आणि दारावर दीड हाताचा छज्जा काढा. तो कुलपालाही हवा आणि दाराच्या लाकडालाही.

लेक_खान्देशची

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. हे कुलूप कोण किती वाजता आलं-गेलं याची नोंद ठेवतं. गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या सासरी ते लागलं. तिच्या नावाची नोंद, दुपारी २.१० ला बाहेर, ३.५० ला आत. संध्याकाळी सासऱ्यांनी जेवताना विचारलं, इतका वेळ कुठे? ती बँकेत गेली होती. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. आता ती मागच्या दाराने जाते, जिथे साधी कडी आहे.

चोरी झाली तर ही नोंद पोलिसांना दाखवायला कामाची, हे मान्य. पण घरातल्या बाईवर नजर ठेवायला ते घेतलेलं नाही. ॲपचा मुख्य ताबा कोणाकडे राहणार आणि नोंदी कोण बघणार हे बसवायच्या आधी घरात सगळ्यांसमोर ठरवा. गिरणाकाठदादा, तुम्ही पुण्यात बसून आईच्या जाण्यायेण्याची सूचना मोबाइलवर घेणार असाल तर तिला विचारून घ्या.

गिरणाकाठ

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. विचारतो.

पांझराकाठ

मी विम्याच्या क्षेत्रात आहे. घरफोडीच्या विम्यात बहुधा अट असते की चोर बळजबरीने आत शिरला पाहिजे, तोडफोडीची खूण पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये अशा पॉलिसीतल्या शब्दांचा अर्थ तसाच धरला. आता पिन कोणाला तरी कळला, तो दार उघडून आला आणि कुठे ओरखडाही नाही, तर दावा अडकू शकतो. पॉलिसीतली व्याख्या वाचा. कामवाल्या बाई, ड्रायव्हर, भाडेकरू यांना वेगवेगळे पिन द्या, एकच सगळ्यांना नको.

आणि आपल्याकडे सोनं घरात ठेवायची सवय फार. लग्नसराईत तर कपाट भरलेलं असतं. बँकेच्या लॉकरबद्दल रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी किंवा बँकेच्या माणसाची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट आहे. ती सोन्याच्या किमतीपुढे कमी पडू शकते, तरी घरातल्या कपाटापेक्षा बरी.

धुळ्याचा_सुतार

एक राहिलं. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो. गच्चीवरून खालचं दार दिसत नाही आणि कूलरच्या घरघरीत काही ऐकूही येत नाही. घर बंद असताना चोर येतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण माणसं वर झोपलेली असताना खालून कपाट साफ झालेली घरं मी दुरुस्त केलीत. जिन्याचं दार पत्र्याचं आणि त्याला सुतळीएवढी कडी! पुढच्या दाराला वीस हजारांचं कुलूप लावण्याआधी जिन्याच्या दाराला आतून-बाहेरून लागणारी जाड खिट्टी बसवा. मागच्या मोरीचं दार, स्वयंपाकघराची खिडकी, तिचे गज. घराभोवती एकदा चोरासारखं फिरून या.

नंदुरबारचा_वाडा

आमचा वाडा जुना, सागाचं दोन पल्ल्यांचं दार, पितळी फुलं, आतून अडसर. दोन विक्रेते येऊन गेले, दोघंही म्हणाले पल्ला कोरून बसवू. मी नको म्हटलं. दोन पल्ल्यांच्या दारात एक पल्ला दुसऱ्यावर टेकतो, वरखाली बोल्ट नसेल तर मधलं कुलूप कितीही भारी असलं तरी पल्ले हलतात. आम्ही आत पोर्चमध्ये एका पल्ल्याचं नवीन दार करून त्याला लॉक लावलं. जुन्या दाराला अजून रात्री अडसरच.

गिरणाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

सुतार बोलावला. आमचं दार भरलं ३२ मिलिमीटर. फ्लश डोअर काढून सागाचं ४० मिलिमीटरचं दार केलं, चौकटीच्या खालच्या टोकाला वाळवी निघाली तो तुकडा बदलला. दारावर छज्जा. जिन्याच्या दाराला लोखंडी पट्ट्या आणि खिट्टी. हे सगळं कुलपाच्या दुप्पट खर्चाचं झालं, पण आधी हेच करायला हवं होतं.

मग कुलूप: ठसा, कार्ड, पिन आणि चावी. वायफाय नसलेलं घेतलं. ऑटोलॉक बंद. आईची डाव्या हाताची दोन बोटं नोंदवली, तीनतीनदा. बटणाचं कीपॅड आहे, आकडे ठळक, तिला चष्म्याशिवाय दिसतात. नोंदींचं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बघ की, मी कुठे जाते ते तुला फोनवर सांगतेच." पण बाबा म्हणाले नको, म्हणून ॲप (ते ब्ल्यूटूथवर चालतं) बाबांच्याच मोबाइलवर ठेवलं, माझ्याकडे नाही.

आणीबाणीच्या दोन चाव्या आहेत. एक शेजारच्या काकूंकडे, त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात. दुसरी माझ्याकडे पुण्यात. ९ व्होल्टचा सेल बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाहेरच्या तुळशीवृंदावनामागच्या कोनाड्यात ठेवलाय, आणि दर महिन्याच्या एक तारखेला ते स्वतः बाहेर उभं राहून तो टेकवून बघतात.

काल रात्री आईला फोन केला तेव्हा साडेदहा वाजले होते. विचारलं, कडी चाचपलीस का? म्हणाली, एकदा.

भुसावळ_जंक्शन

सेलवर विकत घेतल्याची तारीख लिहून ठेवायला सांगा बाबांना. नुसता पडून राहिला तरी तो उतरतो.